झाकणं उचलणारी बाई

नोकरीतल्या कितीतरी गुन्ह्यांची कलमं आणि आरोपींचे चेहरे आता पुसट झाले आहेत. पण वाळवा तालुक्यातल्या त्या लगीनसराईतली घटना मला अजून लख्ख आठवते, आणि आठवली की आधी हसू येतं. सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी तेव्हा आष्ट्याच्या बाजूच्या एका ठाण्यात फौजदार होतो. त्यातली माणसं अजून आहेत, त्यांची नातवंडं आहेत, म्हणून मी कुणाचं नाव घेणार नाही. लग्नं झालेल्या गावांचीही घेत नाही.

दुष्काळ सरला होता. पाऊसपाण्याअभावी पुढं ढकललेली लग्नं त्या उन्हाळ्यात एकदम निघाली. रोज कुठंतरी मांडव, कुठंतरी वाजंत्री. लगीनसराईत ठाण्याला जे काम असतं तेच आम्हाला होतं. वरातीत कुणीतरी दारू पिऊन नाचायचं, जावयाचा मान द्यायचा राहिला म्हणून हाणामारी व्हायची, बँडवाले आणि पाहुणे एकमेकांची डोकी फोडायचे. ठाणे अंमलदार वैतागून म्हणायचा, "सायेब, लोकांनी देवाधर्माला साक्ष ठेवून लग्न करावं, आमाला कशाला ठेवत्यात?"

मग पहिली फिर्याद आली. नदीकाठच्या एका बागायती गावात लग्न होतं. सकाळी हळदीचं न्हाण चालू असताना वरमाईनं हातातल्या पाटल्या आणि गळ्यातली मोहनमाळ काढून पितळी डब्यात ठेवली होती. न्हाण आटोपून बघते तर डबा जागच्या जागी आणि आत काही नाही. आठवडा सरतो न सरतो तोच दुसऱ्या गावात तसंच झालं. या खेपेला नवरीचे दागिने गेले. लग्न लागलं, पण नवरीच्या आईचं रडणं मंगलाष्टकांपेक्षा मोठं ऐकू येत होतं, असं तिथला पोलीस पाटील म्हणाला.

दोन्ही ठिकाणी आम्ही पोचेपर्यंत गावकऱ्यांनी मांडवाची वाट अडवून ठेवली होती. पाहुण्यांच्या पिशव्या, बँडवाल्यांच्या पेट्या, फोटोवाल्याचा काळा कपडा, सगळं झाडून पाहिलं. काही मिळालं नाही. सोनं मांडवाबाहेर गेलं कसं, हेच कळेना. लग्नाच्या मांडवासारखी चोराला सोयीची जागा नाही. तिथं अर्धी माणसं उरलेल्या अर्ध्यांना ओळखत नसतात आणि ओळखत नाही हे कबूल करायची लाज वाटते म्हणून हसून रामराम घालतात.

आमचा एक जुना बातमीदार होता. धंद्यानं कासार. लग्नघरी बांगड्या भरायला त्याला आतपर्यंत वाट असायची. एका सकाळी तो ठाण्यात आला, बाकावर बसून त्यानं चहा बशीत ओतला आणि म्हणाला, "सायेब, एक बाई हाय."

"कुठली?"

"त्येच तर कळंना. नवरीकडची म्हणत्यात नवऱ्याकडची आसंल. नवऱ्याकडची म्हणत्यात नवरीकडची आसंल. सकाळच्या पारी येती ती सरळ आचाऱ्याच्या चुलवणापाशी. पातेल्यांची झाकणं उचलती, वास घेती, हे काय घातलंय, ते काय घातलंय, इचारत बसती. पिशवीत एक बाटली बी आसती तिच्या. दोन्ही लग्नांत म्या बांगड्या भरल्या, दोन्हीकडं ही बाई बघितली."

माझ्या जमादारानं मांडीवर थाप मारली. हा जमादार नोकरीत मुरलेला, मिशा पिळलेला, आणि त्याच्या मते जगातला प्रत्येक गुन्हा गुंगीच्या औषधानं होत असे. "गुंगीचं औषध, सायेब! ही अन्नात घालती, बायका सुस्तावल्या की हिचा जोडीदार डबं साफ करतोय."

मला एवढी खात्री नव्हती. दोन्ही लग्नांत कुणी सुस्तावल्याचं कानावर नव्हतं. पण दोन चोऱ्या, दोन्हीकडं तीच बाई, आणि ती कुणाचीच नाही. एवढं असताना तिला न विचारणं शक्य नव्हतं.

पुढचं मोठं लग्न जवळच्याच गावात होतं. मुलाकडचं वऱ्हाड मलकापूरहून येणार होतं. मी धोतर नेसून फेटा बांधला, जमादारालाही साध्या वेषात घेतलं, दोन शिपाई मांडवाच्या तोंडाशी पाहुणे म्हणून उभे केले. माझा फेटा खपला. जमादाराचं मात्र अवघड होतं. त्याची चाल बघूनच दोन-तीन म्हाताऱ्यांनी त्याला "रामराम, जमादार" केलं.

आम्ही स्वयंपाकाच्या जागेपाशी लाकडांच्या ढिगाजवळ टेकलो. थोड्याच वेळात ती आली. पंचविशीतली, सावळी, डोक्यावर पदर घट्ट, काखेत कापडी पिशवी. पायांवर धूळ होती, म्हणजे एस. टी.च्या थांब्यापासून चालत आलेली. कुणाशी न बोलता ती सरळ चुलवणांकडं गेली आणि कासारानं सांगितलं होतं तसं पहिल्या पातेल्याचं झाकण उचललं.

"आचारीभाऊ, आमटीत कूट घातलं का वं?"

"अजून न्हाई."

"मग घालायच्या आधी एक वाटी बाजूला काढा की. आन् भाताची पळी येगळी ठेवा, आमटीतली भातात बुडवू नगा."

आचारी घामानं निथळत होता. तो वैतागून म्हणाला, "बाई, तुमी हाय कोण? वरमाई हाय का?"

"मी पोरीची आई."

जमादार माझ्या कानाशी लागला. "खोटं, सायेब! पोरीची आई तिकडं अक्षता वाटतीय. म्या आत्ताच बघितली."

एवढं पुरे होतं. बाईमाणसाला ठाण्यात नेऊन बसवण्याची गरज नव्हती आणि ते बरंही नव्हतं. मांडवाला लागूनच पोलीस पाटलांचं घर होतं. त्यांच्या सोप्यात मी तिला बोलावलं, पाटलीणबाईंना शेजारी बसायला सांगितलं, आणि त्यांच्या हातून पिशवी उघडली. आत फडक्यात बांधलेल्या दोन भाकरी, झाकणाचा रिकामा पितळी डबा, एक पळी आणि बूच लावलेली बाटली. बाटलीत पिवळसर काहीतरी होतं.

"हे काय आहे?"

"त्याल."

"कसलं?"

"करडीचं."

जमादारानं बूच काढून वास घेतला. मग बोट बुडवून जिभेला लावलं. आम्ही सगळे त्याच्या तोंडाकडं बघत राहिलो. तो जरा वेळ थांबला, गुंगी येते का याची वाट बघत असावा. शेवटी पडेल आवाजात म्हणाला, "त्यालच हाय, सायेब."

"लग्नाला तेल घेऊन कशाला येता, बाई? आणि नवरीची आई म्हणून खोटं का सांगितलंत?"

ती घाबरलेली होती, पण या प्रश्नानं तिला रागच आला. "नवरीची कवा म्हनलं मी? माझ्या पोरीची आई म्हनलं. सात वरसांची हाय. तिला शेंगा चालत न्हाईत."

"पोट दुखतं?"

"मरती, सायेब."

मी तिच्याकडं बघतच राहिलो. आमच्या सातारा-सांगली भागात भुईमुगाच्या शेंगेवाचून घर नाही. कालवणात कूट, भाकरीवर शेंगतेल, ताटाच्या कडेला चटणी, उपासाला लाडू. पाहुणा उंबऱ्यात आला की पाण्याच्या आधी मूठभर शेंगा पुढं येतात. त्या शेंगदाण्यानं माणूस मरतं, हे मी तोपर्यंत ऐकलं नव्हतं. तिनं माझ्या तोंडावरचा अविश्वास ओळखला. तिला त्याची सवय असावी.

तिनं सांगितलं ते असं. नवरा फौजेत, सरहद्दीवर. घरी सासरे, तेही फौजेतून सुभेदार होऊन आलेले. पोर तीन वर्षांची असताना संक्रांतीला कुणी तिच्या तोंडात दाण्याचा लाडू घातला. घटकाभरात ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या. घरचे म्हणाले, दृष्ट लागली. मीठ-मोहऱ्या उतरल्या. दुसऱ्या वेळी चिक्कीचा तुकडा. या खेपेला श्वास अडकला, पोर निळी पडली. सासऱ्यांनी साखर कारखान्याकडं निघालेला ट्रक हात करून थांबवला आणि तिला मिरजेच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी सुई टोचून वाचवली आणि सांगितलं, हिला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. दाणा, कूट, घाण्याचं शेंगतेल, काही म्हणजे काही पोटात जाता कामा नये.

"त्यावर औषध?"

"औषध न्हाई म्हनले. नजर ठेवायची, एवढंच औषध."

"मग लग्नाला आणता कशाला तिला? घरी ठेवावी."

पाटलीणबाईंनी पाण्याचा तांब्या पुढं केला. पाणी पिऊन ती म्हणाली, "ठेवली व्हती की, सायेब. चुलतदिराच्या लग्नाला शेजारणीपाशी ठेवून गेलो सगळी. माघारी आले तर पोर सोप्यात एकलीच. रांगंत पानं मांडलेली, पानांवर भावल्या बसवलेल्या, आन् ही वाढत व्हती त्यास्नी. मला म्हनली, आई, हितल्या पंगतीत मला चालतंय न्हवं? त्या दिशी ठरिवलं. पोरीला पंगतीतनं उठवायचं न्हाई. पंगतीत काय हाय ते मीच आधी जाऊन बघायचं. मामंजींस्नी सगळ्या पंचक्रोशीतनं बोलावणं आसतंय, आन् नातीबिगर त्यास्नी घास गिळत न्हाई. म्हनून मी सकाळी म्होरं येती, ती दोघं मागनं येत्यात."

पाटलीणबाईंनी डोळ्यांना पदर लावला. जमादार भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत होता. मी अजून काही विचारणार, तेवढ्यात वऱ्हाड उतरलं होतं त्या जानवसघराकडून बायकांचा गलका उठला. एक पोरगा धापा टाकत आला. नवऱ्या मुलाच्या बहिणीची बोरमाळ आणि पाटल्या गेल्या. आत्ता होत्या, आत्ता नाहीत.

म्हणजे चोरी झाली तेव्हा आमची संशयित माझ्यासमोर पाणी पीत बसली होती. इतका पक्का पुरावा तिच्या बाजूनं दुसरा कुठला देता आला नसता.

मांडवाच्या दोन्ही वाटा बंद करा म्हणून मी शिपायांना निरोप धाडला. मग त्या बाईकडं वळलो. माझ्या डोक्यात एक गोष्ट आली होती. तिन्ही लग्नांत स्वयंपाकघर सकाळपासून डोळ्यांत तेल घालून बघणारं दुसरं माणूस कोण होतं?

"बाई, तिन्ही ठिकाणी आचारी वेगवेगळे होते. पण असा कुणी होता का, जो तिन्हीकडं दिसला?"

"व्हता की," ती लगेच म्हणाली. "चटणीवाला."

"कोण चटणीवाला?"

"शेंगदान्याच्या चटणीची बादली आसती त्याच्याकडं. वाढपी हाय. बादलीच्या कडीला तांब्याची तार गुंडाळल्याली. लय देवमाणूस."

"देवमाणूस कसा?"

"पयल्या लग्नात त्याला म्हनलं, भाऊ, माझ्या पोरीच्या पानापासनं लांबनं वाढा. व्हय म्हनला. आन् सायेब, पंगतीत चटणी आणलीच न्हाई त्यानं! बादली घेऊन मांडवाभाईर गेला. दुसऱ्या लग्नात बी तसंच. मी म्हनलं, बरं झालं, पीडा गेली. देवच पावला."

जमादारानं आणि मी एकमेकांकडं पाहिलं. लग्नघरात हातात बादली असलेल्या माणसाला कुणी अडवत नाही, उलट "सरका, सरका, वाढपी आला" म्हणून वाट करून देतात. तो जानवसघरात जाऊ शकतो, माजघरात जाऊ शकतो. आचाऱ्याला तो घरधन्याचा माणूस वाटतो आणि घरधन्याला आचाऱ्याचा. आणि चटणीत हात घालून झडती आम्ही कुठं घेतली होती?

"आज दिसला?"

"सकाळी दिसला. जानवसघराकडं चालला व्हता."

"चला, दाखवा."

आम्ही मांडवात आलो तेव्हा पहिली पंगत बसली होती. लांबच लांब रांगा, पत्रावळी, भाताच्या मुदी. वाटा बंद झाल्यानं कुणाला बाहेर जाता येत नव्हतं. मी वाढप्यांवरून नजर फिरवली. भातवाला, आमटीवाला, मठ्ठ्याची घागर घेतलेला. आणि रांगेच्या पार टोकाला एक मध्यम वयाचा माणूस, कपाळावर टिळा, कमरेला उपरणं, हातात लहान बादली. बाहेर पडायची वाट मिटल्यावर बिचाऱ्याला आयुष्यात पहिल्यांदा चटणी खरोखर वाढावी लागत होती. तो वाढतही असा होता की बघून हसू यावं. वरचेवर नखभर उचलायचा आणि पानाच्या कडेला टेकवायचा. एक आजोबा त्याच्यावर ओरडले, "आरं, चटणी वाढतूयास का अंगारा लावतूयास?" तरी त्याची पळी खाली जाईना.

मी जमादाराला त्याच्या मागून जायची खूण केली. घाई करायची नाही, मुद्देमालासकट धरायचा, असं माझं म्हणणं होतं. पण त्या बाईला तेवढा वेळ नव्हता. तो ज्या रांगेतून येत होता त्याच रांगेत पांढऱ्या मिशांचा एक ताठ म्हातारा बसला होता, आणि त्याच्या शेजारी झालरीचा झगा घातलेली मुलगी. आजा-नात. मुलीच्या पानावर बाजूला काढलेला भात, आणि समोर पाण्याचा पेला. ती मान वर करून आजोबांशी बोलत होती. आणि चटणीची बादली पान-पान करत तिच्याकडं सरकत होती.

"मामंजी!" बाई एवढ्या मोठ्यानं ओरडली की सगळा मांडव गप्प झाला. मी तिला थांबवायच्या आत ती रांगांमधून धावली आणि तिनं बादलीची कडी धरली. चोराला वाटलं, आपण सापडलो. त्यानं हिसडा मारला. बादली हवेत उलटली आणि तांबडी चटणी पंगतीवर उडाली.

बोरमाळ सुभेदारांच्या आमटीत पडली. पाटल्या घरंगळत नवऱ्याच्या मामाच्या पायाशी गेल्या. पंगत उठून उभी राहिली. "सोनं! सोनं!" असा एकच ओरडा झाला, जमादारानं चोराच्या कमरेला मिठी घातली, दोघं मठ्ठ्याच्या घागरीवर कोसळले. सगळा मांडव सोन्याकडं बघत होता. ती बाई एकटीच पोरीच्या तोंडाकडं बघत होती.

पोरीच्या गालावर, ओठांवर चटणी उडाली होती. आई पदरानं पुसत होती, पाण्यानं तोंड धुवत होती, चुळा भरवत होती. तरी बघता बघता खालचा ओठ सुजला. मानेवर लालभडक गांधी उठल्या. मग पोर खोकली, आणि खोकल्यानंतर श्वास आत घेताना शिट्टीसारखा आवाज आला. आईनं माझ्याकडं पाहिलं. मघाशी सोप्यात "मरती" म्हणाली होती, त्याचा अर्थ मला तेव्हा कळला.

नियमानं पंचनामा होईपर्यंत मी घटनास्थळ सोडायचं नसतं. मी जमादाराला म्हणालो, "पंच बोलवा, मुद्देमाल मोजून घ्या, पंचनामा तुम्ही करा. मी जीप घेऊन मिरजेला चाललो."

चोराला तोवर खांबाला टेकवून बसवलं होतं. अंगभर मठ्ठा, मिशीत चटणी. जीप सुरू झाली तशी तो ओरडला, "सायेब, आष्ट्यातनं जाऊ नगा! बाजार हाय आज, गाड्या तुंबल्यात. म्या सकाळी तिकडनंच आलोय. वढ्याकडच्या वाटंनं घ्या!"

ड्रायव्हरनं माझ्याकडं पाहिलं. चोराचं ऐकावं का? मी म्हणालो, "घे." वाट धुळीची होती, पण खरंच मोकळी होती.

जीपमध्ये सुभेदार नातीला मांडीवर घेऊन बसले होते. सरहद्दीवर गोळ्या अंगावर घेतलेला माणूस. आवाज कवायतीचा. "साँस ले, पोरी. एक, दोन. एक, दोन. सोड. पुन्ना घे." पोर डोळे मोठे करून आज्याच्या तोंडाकडं बघायची आणि हुकमाप्रमाणं श्वास ओढायची. आई फक्त त्या श्वासाचा आवाज ऐकत होती. कृष्णेवरचा पूल ओलांडला, सांगली मागं टाकली, मिरजेत शिरलो तेव्हा ड्रायव्हर हॉर्नवरचा हात काढायला तयार नव्हता.

दवाखान्यात तेच डॉक्टर होते. पोरीला बघताच त्यांनी काही न विचारता सुई भरली. आम्ही दाराशी उभे राहिलो. माझा फेटा सुटून खांद्यावर आला होता, धोतराला चटणी लागली होती. नर्सनं मला दारातच अडवलं आणि ते कपडे पोरीजवळ न्यायचे नाहीत म्हणून बजावलं. मी फौजदार आहे हे सांगायचा धीर मला झाला नाही.

काही वेळानं तो शिट्टीचा आवाज कमी झाला. मग थांबला. पोरीचा रंग परत आला. डॉक्टर हसले आणि सुभेदारांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "वेळेत आणलीत. आजची रात्र राहू दे इथं, उद्या घेऊन जा."

पोरीनं सुजलेल्या ओठांनी पहिला शब्द काढला, "आजा, पंगत उठली का वं?"

"उठंल कशी?" सुभेदार डोळे पुसत गरजले. "हुकमाबिगर?"

आणि तेव्हा कुठं तिची आई रडली.

ठाण्यावर परतलो तेव्हा जमादारानं पंचनामा चोख करून ठेवला होता. चोर सरळ कबूल झाला. पूर्वी कधी तो एका आचाऱ्याकडं खराच वाढपी होता. बादली हातात असली की आपल्या तोंडाकडं कुणी बघत नाही, हे त्याला तिथं कळलं. आधीच्या दोन चोऱ्यांचे दागिनेही त्याच्या घरी ज्वारीच्या कणगीत मिळाले. त्यानं जीपला वाट सांगितल्याचं मी माझ्या अहवालात लिहिलं. वरिष्ठांनी त्या ओळीखाली रेघ मारून "याचा तपासाशी संबंध काय?" असं विचारलं होतं. मी ओळ तशीच ठेवली.

खटल्यात त्या बाईची साक्ष झाली. बचावाचा वकील चांगला होता. त्यानं विचारलं, "लग्नात शेकडो माणसं असतात, बाई. त्यातला एक वाढपी आणि त्याची एक बादली तुम्हाला इतकी नेमकी कशी लक्षात राहिली?"

ती म्हणाली, "वकीलसायेब, तुमच्या घरात साप निगाला तर तो कुठल्या कोपऱ्यात गेला, हे तुमी इसरशीला व्हय?"

मॅजिस्ट्रेटनी चष्मा काढून पुसला. वकील खाली बसला.

पुढं गंमत अशी झाली की ही गोष्ट पंचक्रोशीत पसरली. ज्या बाईला आचारी हाकलायचे, तिला आता पाट मिळू लागला. कूट घालायच्या आधी आमटी आपणहून बाजूला निघायला लागली. एका आचाऱ्यानं तर "सुभेदारांची नात येणार हाय का?" हे विचारल्याशिवाय सामानाची यादी द्यायचं सोडलं. माझ्या कासारानं मात्र शेवटपर्यंत आपली बातमी खरीच होती असा दावा केला. "बाई चोराची जोडीदार न्हवती, पण चोर तिच्यामुळंच गावला का न्हाई?" म्हणायचा. ते खरंच होतं.

माझी बदली साताऱ्याला झाली तेव्हा सुभेदारांनी मला आणि जमादाराला जेवायला बोलावलं. आम्ही उंबऱ्यात पाय ठेवतो तोच ती पोर दारात आडवी उभी राहिली. आता चांगली टवटवीत, दोन वेण्या, कमरेवर हात.

"थांबा. वाटंत काय खाल्लं?"

"काही नाही," मी म्हणालो.

"खिसा दाखवा."

मी इकडंतिकडं बघितलं. कुणी माझ्या मदतीला येईना. खिसा उलटा केला तर दोन टरफलं बाहेर पडली. जीपमध्ये जमादारानं भाजलेल्या शेंगांचा पुडा उघडला होता, आणि आम्ही दोघं जन्मानं सातारकर.

"मुद्देमाल गावला!" सुभेदार मिशीतल्या मिशीत हसले. पोरीनं आम्हाला परड्यात नेलं, साबण दिला, पाणी ओतलं. एकदा धुवून तिचं समाधान झालं नाही, परत हात धुवायला लावले, चुळा भरायला लावल्या. मग आत नेऊन आम्हाला रांगेत बसवलं आणि स्वतः मधोमध बसली. भाकरी, तिळाचं कूट घातलेलं वांगं, करडीच्या तेलातली मिरची. मी तसं वांगं पहिल्यांदाच खाल्लं आणि नंतर बायकोलाही करायला सांगितलं.

पोलीस माणूस उभा जन्म एकच प्रश्न विचारत असतो, तू तिथं काय करत होतास? वावग्या वेळी, वावग्या जागी दिसलेल्या माणसाचा आम्हाला संशय यायचाच, तो आमच्या पोटापाण्याचा भाग आहे. पण त्या बाईनंतर मी साताऱ्यात आणि पुढं जिथं जिथं गेलो तिथं त्या प्रश्नाला आणखी एक प्रश्न जोडत गेलो. कुणासाठी? चोर बहुतेक वेळा तिथं अडखळतो, छताकडं बघतो. आणि चोर नसलेला माणूस बोलायला लागला की मग त्याला थांबवावं लागतं.